तिसरा दोर

पोळ्याच्या आधीच्या बाजारात मला खरं तर काहीच घ्यायचं नसतं. माझ्याकडे बैल नाही, गोठा नाही. दारात एक तुळस आहे आणि तिला वेसण लागत नाही. तरी दरवर्षी मी युसूफ वडगावच्या बाजाराला जाते आणि दोरांच्या दुकानापुढे उभी राहते. हल्ली सगळं नायलॉनचं. पोपटी, गुलाबी, भगवे दोर बांबूला लटकवलेले असतात आणि उन्हात त्यांना नव्या चपलेसारखा वास येतो. दुकानदार विचारतो, "बाई, किती बैल हायेत?" मी म्हणते, एकही नाही. मग तो माझ्याकडे असं बघतो की त्याचं मन राखायला मला एक गोंडा घ्यावाच लागतो. माझ्या किल्ल्यांना गोंडा, पिशवीला गोंडा, छत्रीलाही गोंडा. घरात येणारे हसतात आणि मी त्यांना हसू देते.

पोळा म्हटलं की लोकांना हिरवीगार शेतं आठवतात. मला आठवतो तो एक कोरडा श्रावण. ढग रोज यायचे, सोयाबीन जळालेल्या रानांवरून सावली फिरवायचे आणि परळीच्या अंगाला निघून जायचे. लोकांनी वर बघणंही सोडलं होतं. आणि त्या श्रावणात मी, माझी शाळा आणि शाळेतली सगळी पोरं गुरांच्या छावणीत मुक्कामाला असल्यासारखे होतो.

माझी शाळा म्हणजे केज तालुक्यातल्या एका गावातल्या पत्र्याच्या तीन खोल्या. पाटीवर 'मतिमंद मुलांची शाळा' असं लिहिलेलं होतं आणि ती पाटी मला रोज सकाळी टोचायची. गाव पाठीमागे 'येड्यांची शाळा' म्हणायचं, तोंडावर 'तुमची ती शाळा'. आता स्वमग्न म्हणतात, चंचल म्हणतात, वेगळ्या घडणीची मुलं म्हणतात. शब्द बदलले हे चांगलंच झालं. पण त्या वर्षी शब्दांपेक्षा पाण्याची अडचण मोठी होती. उन्हाळ्याच्या तोंडावर शाळेची बोअर आटली, टँकर आमच्या वळणापर्यंत येईना, आणि एक एक करून पोरं यायची बंद झाली. चौकशी केली तर सगळ्यांचे आईबाप एकाच ठिकाणी सापडले. गावच्या दूध सोसायटीनं गोदामामागच्या माळावर चारा छावणी उघडली होती. जनावरं तिथं, म्हणून माणसं तिथं, म्हणून लेकरंही तिथं. मग मी फळा खांद्यावर टाकला आणि शाळा तिकडे नेली. दुसऱ्याच दिवशी एका वासरानं फळ्याची एक कड चघळून टाकली. तेव्हापासून आम्ही फळ्याच्या भानगडीत पडलो नाही.

वर्गात मी दिवसातून सगळ्यात जास्त वेळा काय बोलत असेन, तर "खाली बस." छावणीत ते वाक्य माझ्या तोंडून कधी गळून पडलं, मला कळलंही नाही. कुणाला बसवायचं आणि कशाला? जागेवर क्षणभर न थांबणारा बबलू शेणाची घमेली वाहू लागला. घमेलं जड लागलं की त्याचे पाय शांत पडायचे. हाताला ओलं लागलं की किंचाळणारी एक मुलगी रोज जरा जवळ, जरा जवळ येत शेवटी म्हशीच्या पोटाला पाठ लावून बसली. म्हैस काही विचारत नाही, डोळ्यांत बघ म्हणत नाही, नुसती गरम असते आणि श्वास घेते. उसाचे वाढे एका बाजूला, ज्वारीचा कडबा एका बाजूला, अशी चाऱ्याची निवड करताना पोरं ते सगळं शिकली, जे मी प्लास्टिकच्या रंगीत ठोकळ्यांनी दोन वर्षं शिकवत होते. हे सांगताना मला आजही हसू येतं आणि जरा रागही येतो, ठोकळ्यांचा.

छावणीत एकच गोष्ट पोरांना सोसत नव्हती, ती म्हणजे कडबा बारीक कापणारं कुट्टीचं मशीन. ते चालू झालं की अर्धी पोरं कान झाकून मातीत लोळायची. मशीन चालवायचे सत्तारभाई. केजचे मिस्त्री, सोसायटीनं छावणीपुरते बोलावलेले. अंगानं दांडगे, बोलणं कमी. मी भांडायच्या तयारीनं त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी माझं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. खिशातला लाल रुमाल काढून काठीला बांधला आणि म्हणाले, "बाई, मशीन तर चालवावंच लागतंय, जनावरं उपाशी ऱ्हातेत. पर आधी हे निशाण वर करतो. पोरांनी कान झाकले का मग बटन दाबतो." त्या दिवसापासून लाल रुमाल वर गेला की सगळी पोरं कानावर हात ठेवायची. कौतुक म्हणजे काही म्हाताऱ्या बायकाही ठेवू लागल्या.

आणि छावणीतल्या एका दावणीवर, दोन बैलांच्या शेजारी, तिसऱ्या खुंटीला संगू बांधलेली असायची.

संगू पंधरा-सोळा वर्षांची. उंच, हाडापेरानं मजबूत, केस कापलेले. बोलायची नाही. हाक मारली तर बघायची नाही. कमरेला दोर, दोराचं टोक खुंटीला. आई कौसाबाई तिथंच चारा टाकत, शेण काढत, मधूनच तिच्या तोंडात भाकरीचा तुकडा भरवत असायची. नवरा पुण्याकडे बांधकामावर गेलेला. दोन बैल आणि एक लेक, एवढा सगळा संसार त्या दावणीला होता. पहिल्यांदा तो दोर पाहिला तेव्हा मी पेटले. कौसाबाईनं मला बोलू दिलं आणि मग शांतपणे विचारलं, "कशी सोडू, बाई? तुमी धरताल का तिला? सुटली का वाऱ्यावानी पळती. मागल्या साली गावातल्या विहिरीच्या काठावर सापडली. पाय आत सोडून बसलती. मी एकटी. बैलं बघू का तिच्या मागं पळू?"

शिकताना पुस्तकांत 'बांधून ठेवू नये' एवढं वाचलं होतं. त्यापुढे काय करावं, ते पुस्तकं विहिरीपर्यंत कधी येतच नसल्यामुळे लिहिलेलं नव्हतं. कौसाबाईचा दोर हा तिच्या मायेचाच दोर होता. तिनं तो जुन्या लुगड्याच्या पट्ट्या पिळून केला होता, टोचू नये म्हणून. तरी संगूच्या कमरेवर वळ होता. बैलांच्या खांद्यावर जू घासून जसा पडतो तसाच, काळा आणि गुळगुळीत.

छावणीच्या जगात एक नियम फार पक्का होता. सुटलेलं जनावर आधी धरायचं. ते कुठं निघालंय, हे कुणी विचारत नाही. हाक उठली की पाचपन्नास माणसं धावतात आणि दहा पावलांत ते परत दावणीला येतं. संगूचंही तसंच व्हायचं. कधी गाठ सैल पडली आणि ती निघाली की "संगू सुटली, संगू सुटली" अशी आरोळी उठायची, कुणीतरी तिला कवेत धरायचं, ती ओरडायची, चावायची आणि परत खुंटीला यायची. तिला धरणाऱ्यांचं मन चांगलंच होतं. मीही एकदा अशीच धावले होते आणि मनगटावर तिच्या दातांची खूण घेऊन आले होते.

श्रावणाच्या मध्यावर सोसायटीचे चेअरमन माझ्याकडे आले. कामानं पिचलेला, पण भला माणूस. टोपी हातात घेऊन म्हणाले, "बाई, मला बी लेकरं हायेत. पर पोळ्याला वरचे साहेब छावणी बघाया येणारेत. दावणीला पोरगी बांधलेली त्यांनी बघितली तर छावणीच बंद पाडतील. आन ती मोकळी सोडली आन विहिरीत पडली, तर मी कुनाला तोंड दाखवू? तिच्या आईला सांगा. एक तर बिनदोराची ऱ्हाईल असं करा, न्हाईतर पोरीला घेऊन घरी जावा म्हनावं."

घरी जायचं म्हणजे बैल घेऊन जायचं, आणि घरी मूठभर चारा नव्हता. कौसाबाईनं ते ऐकलं आणि ती बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या वेळी मला तिची जी दया आली, ती मी अजून विसरले नाही. पोळ्यापर्यंत थोडेच दिवस उरले होते. दोर सुटला नाही, तर मायलेकींना बैलांसकट छावणीतून जावं लागणार होतं.

मला जे सुचलं ते काही फार हुशारीचं नव्हतं. धरून उपयोग होत नाही, तर न धरता बघू, एवढंच. मी कौसाबाईला म्हटलं, दोर कमरेचा सोडू नकोस, फक्त खुंटीचा सोड आणि टोक माझ्या हातात दे. आणि सगळ्या छावणीला सांग, आज कुणीही आरोळी ठोकायची नाही. मग तिनं टोक माझ्या मुठीत ठेवलं आणि वरून स्वतःच्या हातानं मूठ आवळली.

संगू निघाली. मी दोर ढिला ठेवून तिच्या मागे. ती पळत नव्हती, नुसती झपाझप चालत होती. माझं वजन आणि वय बघता मला ते पळणंच होतं, ते सोडा. आधी ती पाण्याच्या हौदाशी गेली, कोपरापर्यंत हात बुडवला, काढला. तिथून सत्तारभाईंच्या मशीनपाशी. त्यांनी आम्हाला पाहिलं, निशाण वर केलं. संगूनं कान झाकले, मशीन सुरू होऊन थांबेपर्यंत तशीच डुलत उभी राहिली आणि पुढे निघाली. तिथून गोदामाला वळसा घालून मागच्या अंगाला. मागे सोसायटीची जुनी विहीर होती. कठडा नाही, पाणी नाही, खाली नुसता खडक. संगू काठाशी बसली. मी दोर दोन्ही हातांनी धरला. तिनं एक खडा उचलला, आत टाकला आणि मान तिरपी करून ऐकत राहिली. खालून टक्क असा कोरडा आवाज आला. ती उठली, कडुलिंबाच्या झाडाकडे गेली, खोडाला कपाळ टेकवलं, आणि दावणीला परत आली. आपल्या आपण. खुंटीजवळ येऊन तिनं दोन्ही हात वर केले आणि उभी राहिली. रोज आई दोर बांधायची तेव्हा हात वर करावे लागत, म्हणून.

सगळं गाव इतकी वर्षं म्हणत होतं की संगू पळते. ती पळत नव्हती. तिचा एक फेरा होता, आणि तो तिला कधी कुणी पुरा करूच दिला नव्हता. दरवेळी अर्ध्यात धरलं, म्हणून ती परत येते की नाही हे कुणाला कळायला मार्गच नव्हता. आणि विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलेली ती पोर बहुधा खडाच टाकत होती. त्या वर्षी आम्ही सगळे विहिरींत वाकून बघायचो. ती ऐकायची.

कौसाबाईचा विश्वास बसला नाही. का बसावा? मी रोज तिला घेऊन निघू लागले. पुढे दोर हातातून सोडला आणि मातीतून फरफटू दिला. फेरा तोच, क्रम तोच. सत्तारभाईंना मी विहिरीचं सांगितलं. ते काठावर गेले, उकिडवे बसले, मापं घेतली आणि दुसऱ्या दिवशी लोखंडी जाळी जोडून आणली. मी म्हटलं, सरळ पत्राच टाका की. ते म्हणाले, "न्हाई बाई. बंद केली तर ती दुसरी विहीर शोधंल. जाळीतून खडा जाईल, पोरगी जानार न्हाई." कौसाबाईनं त्या जाळीवर स्वतः उभं राहून नाचल्यासारखं करून पाहिलं. तेव्हा ती जरा हसली. त्या सगळ्या उन्हाळ्या-पावसाळ्यात मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलांचे वर्षभर जू ओढलेले खांदे हळद-तुपानं चोळायचे. त्या वर्षी तूप कुठलं, तेलात हळद कालवली होती. सगळ्या छावणीत संध्याकाळी हळदीचा वास होता आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. कौसाबाईनं एका बैलाचा खांदा चोळला, मग दुसऱ्याचा. वाटीत थोडं तेल उरलं. तिनं संगूला जवळ ओढलं, झंपर वर सरकवला आणि कमरेच्या वळावर ते हळदीचं बोट फिरवू लागली. फिरवत राहिली. मी तोंड दुसरीकडे केलं, कारण मला रडू येत होतं आणि अशा वेळी बाईंनी रडलेलं पोरांना आवडत नाही.

पोळ्याला जुने दोर उतरवायचे आणि नवे घालायचे. कौसाबाईनं तीन दोर वळून ठेवले होते. दोन बैलांचे गोणपाटाचे, काव लावून लाल केलेले. तिसरा लुगड्याचा. सकाळी तिनं बैलांच्या जुन्या वेसणी काढल्या, नव्या घातल्या. मग संगूच्या कमरेची गाठ सोडली. जुना दोर खाली पडला. तिसरा दोर तिच्या हातात होता आणि ती तो नुसताच धरून उभी होती. बांधू नको म्हणण्याचा हक्क माझा नव्हता, विहिरीची भीती तिची होती. तिनं दोर खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "जा."

संगू निघाली. हौदापाशी हात बुडवला. तिथून मशीनकडे. आणि तिथं घोटाळा झाला. सण म्हणून मशीन बंद होतं. त्यावर ताडपत्री, निशाण नाही, सत्तारभाई नाहीत. संगू मशीनपुढे जाऊन थबकली. हात कानांकडे अर्धे गेले आणि तिथंच राहिले. ती डुलू लागली, मग जोरात डुलू लागली, मग तिच्या घशातून तो आवाज निघाला जो आम्ही सगळे ओळखत होतो. चारदोन माणसं सवयीनं पुढे सरकली. कौसाबाईनं माझा दंड धरला. "जाऊ का, बाई? जाऊ का?" ती विचारत होती आणि पाय मात्र तिनं जमिनीत रोवले होते.

सत्तारभाई पाहुण्यांच्या मांडवात स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यात बसले होते. ते उठले, चालत आले, अजिबात घाई केली नाही. ताडपत्री बाजूला केली. खिशातून लाल रुमाल काढला, काठी नव्हती म्हणून हातानंच वर धरला. संगूचे हात कानांवर गेले. त्यांनी बटन दाबलं. रिकामं मशीन घरघरलं, सजवलेले बैल बिचकले, चेअरमन लांबून हातवारे करू लागले. सत्तारभाईंनी तिकडे बघितलं नाही. रोजच्याइतकं चालवून मशीन बंद केलं आणि रुमाल खाली घेतला. संगू शांत झाली, गोदामाला वळली आणि दिसेनाशी झाली.

गोदामामागचं दिसत नाही. जाळी होती, मला ठाऊक होतं. तरी मी गोदामाच्या कोपऱ्यावरून नजर काढली नाही. तिकडे लिंबाखालच्या मारुतीच्या दगडाभोवती बैल फिरू लागले होते, झुलींना ठिगळं होती, शिंगांना हिंगूळ होता, आणि कुणीतरी हलगी अगदी हळू वाजवत होतं, पोरांना त्रास नको म्हणून. तेवढ्यात साहेबांची जीप आली. चेअरमन पुढे धावले. कौसाबाईनं जीपकडे मान वळवली नाही.

मग बैलांच्या रांगेच्या पलीकडून संगू आली. लिंबाला कपाळ टेकवलं होतं, कपाळाला सालीचा भुगा लागलेला होता. सरळ दावणीला आली, आपल्या खुंटीपाशी थांबली, आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली.

दोर कौसाबाईच्या खांद्यावरच होता. लेक हात वर करून वाट बघत होती, बांध म्हणून. कौसाबाई तिच्यापुढे गेली. तिनं ते दोन्ही हात धरले, हळूहळू खाली आणले आणि स्वतःच्या खांद्यांवर ठेवले. "हात खाली घे, बाई," ती म्हणाली. "झालं आता."

साहेबांनी चेअरमनना विचारलं, "हे काय चाललंय?" चेअरमन म्हणाले, "काय न्हाई साहेब, पोळा हाय." त्या दिवशी संध्याकाळी कौसाबाईनं तिसऱ्या दोरानं कडब्याची पेंढी बांधली.

पुढे पाऊस आला, छावणी मोडली, मी फळा घेऊन पत्र्याच्या खोल्यांत परतले. पण वर्गाचं दार मी पुन्हा कधी लावलं नाही. निवृत्त होईपर्यंत पोरांना रोज सकाळी गावाभोवती फिरवून आणत राहिले आणि कोण कुठं थांबतं ते बघत राहिले. गावानं संगूचा फेरा हळूहळू आपलासा केला. ज्या ज्या आडावर ती थांबते त्यावर जाळ्या बसल्या. कुणी तिला धरत नाही. नवा पाहुणा धावलाच, तर घरातली माणसं म्हणतात, "थांबा, येती ती."

यंदाच्या बाजारातून येताना मी वाट वाकडी करून कौसाबाईकडे गेले. बैल कधीच गेले, दावण मोडली, खुंट्याही नाहीत. कौसाबाईचे गुडघे गेलेत, उंबऱ्याशी बसून असते. आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात संगू फेरा संपवून आली. केसांत पांढरं दिसतंय तिच्या. दारात थांबली आणि दोन्ही हात वर केले. शेजारची नवी सून मला कौतुकानं म्हणाली, "बघा, आल्यागेल्याला कशी नमस्कार करती."

कौसाबाईला आता उठवत नाही आणि उभ्या संगूपर्यंत तिचे हात पोचत नाहीत. संगू जराशी थांबली. मग हात तसेच वर ठेवून ती आईपुढे खाली बसली, आणि कौसाबाईनं ते हात खाली घेतले.